पद्मिनीच्या पुढून ठक्क आवाज: किंगपिन आधी की शेवटी?

ग्रीसगन:
फियाट ११०० असो वा पद्मिनी, पुढून आवाज येतोय म्हटलं की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं: "किंगपिन गेला, सेट टाकावा लागेल." माझं मत उलट आहे. किंगपिन, म्हणजे ज्या उभ्या पिनवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती, शेवटी बघायचा. तो झिजला की आधी स्टिअरिंग जड होतं, ठरावीक वेगाला चाक थरथरतं, टायर एका कडेने खाल्ला जातो. यातलं काहीच नसताना १५-२० च्या वेगात लहान खड्ड्यावर कोरडा ठक्क येत असेल, तर आधी रबर बघा: स्टॅबिलायझर बारचे (दोन्ही पुढची चाकं जोडणारी, वळणावर झुकणं कमी करणारी दांडी) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, शॉकअपच्या टोकांची रबरं, आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारा, वर-खाली हलणारा दांडा) आतले बुश.

जॅक काढायच्या आधी गाडी चालवूनच बरंच कळतं. स्पीडब्रेकरवरून आधी सरळ जा, मग तिरके जा. सरळ जाताना दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, त्यामुळे बारला पीळ बसत नाही. तिरकं गेल्यावर बसतो. तिरकं गेल्यावरच ठक्क येत असेल तर संशय थेट बारवर. खात्री करायची तर बारची दोन्ही टोकं सोडा, बार तारेने वर बांधा आणि गल्लीत दोन किलोमीटर हळू फिरवा. आवाज गेला तर खर्च दोन-चार रबरांचा. वळणावर गाडी जास्त झुकेल, म्हणून हे हायवेवर करू नका.

लेथवाला:
अजिबात पटत नाही. बदलायचा शेवटी, हे ठीक. बघायचा शेवटी का? पाच मिनिटांचं काम आहे. आणि झिजलेल्या किंगपिनवर गाडी पळवणं म्हणजे चाक कुठे बघतंय याचा भरवसा नाही.

फक्त जॅक कुठे लावता ते महत्त्वाचं. चेसिसखाली लावला की चाक लोंबतं, स्प्रिंग आर्मला खाली रेटून धरते आणि सांध्यांतला प्ले (ढिलेपणा) दाबला जातो. जॅक खालच्या आर्मखाली, चाकाच्या जितका जवळ जाईल तितका लावा. चाक जमिनीपासून दोन बोटं वर, शिवाय चेसिसखाली घोडी (टेकू). आता चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग सैल, हबचं (चाकाचा मधला भाग) नट अॅडजस्ट करा. ब्रेक दाबूनही हलतंय तर किंगपिन, नाहीतर आर्मचे सांधे. कुठला ते ओळखायला एक बोट किंगपिनच्या आणि स्टबच्या (चाकाचा आस) फटीवर ठेवा, डोळ्याआधी बोटाला कळतं.

ब्रेकची ही पायरी गाळली म्हणून धडधाकट किंगपिन ठोकून काढलेल्या गाड्या कमी नाहीत.

टॉमी_आणि_पाना:
दोघंही चाकाच्या आसपासच फिरताय. स्टिअरिंगचं काय? गाडी जमिनीवर, चाकं सरळ. एकाने स्टिअरिंग दोन-दोन इंच डावी-उजवीकडे झटकायचं, दुसऱ्याने एकेक टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा जोर चाकाला देणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा) मुठीत धरायचा. सैल सांधा हाताला टिचकी मारल्यासारखा लागतो. आयडलर (स्टिअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा हात) विसरू नका. त्याचा बुश गेला तर आवाज तिकडून येतो आणि शिव्या स्टिअरिंग बॉक्सला बसतात.

दुसरं म्हणजे सैल बोल्ट. ब्रेक लावल्यावर एकदाच ठक्क, मग रिव्हर्समध्ये ब्रेक लावल्यावर पुन्हा एकदाच, मधे काही नाही. असं असेल तर काहीतरी पुढे-मागे सरकतंय: ड्रमच्या मागची प्लेट, नाहीतर आर्म. संशयित बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. आठवडाभराने बघा. रेघ तुटली असेल तर चोर सापडला.

पत्राही तपासा. या गाडीला वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावर. (वर "चेसिसखाली घोडी" लिहिलंय, ती मेंबरखाली (बॉडीच्या खालचा जाड, मजबूत भाग) लावा, फ्लोअरच्या पत्र्याखाली नको.) किनाऱ्यावरच्या गाड्यांत सस्पेन्शनच्या जोडापाशी गंजून तडा जातो. अंडरकोटिंगच्या खाली तो दिसत नाही. वायर ब्रशने खरवडा.

एकदाच_सगळं:
एवढं निदान कशाला? मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ मध्ये ताडदेव आरटीओला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे सगळ्यात तरुण पद्मिनीचं मूळ रबरसुद्धा आता मेलेलंच. पुढचं सगळं उघडा, रबरं, टाय रॉड एंड, शॉकअप, किंगपिन एकदम टाका. मजुरी एकदाच.

ग्रीसगन:
त्या टॅक्स्या एवढी वर्षं पळाल्या त्या एकेक वस्तू बदलत. एकदम सगळं टाकल्यावर नवा आवाज आला तर कुठल्या नव्या पार्टचा, हे कसं शोधणार? आणि तो येतोच, कारण बाजारातल्या रबराची जात सारखी नाही. नखाने दाबून बघा. दगडासारखा कडक किंवा खडूसारखा भुरभुरणारा बुश परत करा.

त्याहून मोठी चूक बसवण्यात होते. गाडी जॅकवर, आर्म लोंबतोय आणि मेकॅनिक बुशचा बोल्ट फुल टाइट करून मोकळा. रबर त्याच अवस्थेत जखडतं. गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला, काही महिन्यांत फाटतो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून चार वेळा दाबून सोडा, आणि मग टाइट करा. खाली हात पोचत नसेल तर चाकांखाली फळ्या घाला.

एकदाच_सगळं:
मग रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (पॉली) बुश टाका, प्रश्न मिटला.

लेथवाला:
मिटत नाही, जागा बदलतो. पॉली कडक असतं, रबराने गिळलेला हादरा ते पुढे पत्र्याला देतं. वर तड्यांचा विषय निघालाच आहे. बारच्या बुशला चालेल, आर्मला मी सुचवणार नाही. आणि नेमून दिलेलं ग्रीस न लावता बसवलं तर ठक्क जाऊन कुईकुई सुरू.

टॉमी_आणि_पाना:
रबर लवकर मरतं त्याचं एक कारण आपणच. पावसाळ्याआधी खालून डिझेल नाहीतर जळकं ऑइल मारायची पद्धत. पत्र्याला ठीक असेल, पण तेल लागलं की नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं. मारायचंच तर बुशांना प्लास्टिक गुंडाळा.

ग्रीसगन:
यावर वाद नाही. लेथवाला, जॅक आर्मखाली लावायचा मुद्दाही मान्य. पण क्रम माझाच: आधी चालवून, मग बार सोडून, मग जॅक. आणि सगळ्यात आधी डिकीतला जॅक-पाना आणि बॅटरीचा क्लॅम्प. लोखंडी पत्र्यातून आवाज कुठून कुठे जातो सांगता येत नाही.

लेथवाला:
क्रम तुमचा ठेवा, पण किंगपिन खरंच गेला असेल तर नुसता सेट आणून ठोकू नका. किंगपिनच्या धातूच्या बुशचं भोक ग्रीस निपलच्या (ग्रीस भरायचं तोंड) भोकासमोर आलं पाहिजे, नाहीतर ग्रीस आत जातच नाही. वरचा-खालचा बुश एकाच लांब रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार), एका रेषेत रीम करून घ्या. पिन अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे, हातोडी लागली तर स्टिअरिंग वळणानंतर परत फिरणार नाही. वर-खालचा प्ले शिम (पातळ चकती) घालून काढा.

ग्रीस मारताना चाक वर उचललेलं हवं. जमिनीवर असताना भार ज्या बाजूला असतो तिथे ग्रीस शिरत नाही, नेमकी तीच बाजू कोरडी राहते. दोन्ही टोकांतून जुनं काळं निघून नवं दिसेपर्यंत गन मारा. एकाच टोकातून येत असेल तर दुसरी वाट तुंबलेली आहे, निपल काढून तारेने साफ करा.