वसतिगृहासाठी ओकीफ विकावी का?

रंगारी: अमेरिकेत इंडियाना राज्यात वालपरायझो विद्यापीठ आहे. त्यांच्या ब्राउअर कलासंग्रहालयात अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ हिचं 'रस्ट रेड हिल्स' (१९३०) हे चित्र होतं. न्यू मेक्सिकोचे गंजल्यासारखे लाल डोंगर. २०२३ मध्ये विद्यापीठाने ठरवलं की हे आणि आणखी दोन निसर्गचित्रं विकायची आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची वसतिगृहं सुधारायची. एकट्या ओकीफची किंमत दीड कोटी डॉलर धरली होती.

मला हे साफ नामंजूर आहे. मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात आपण चित्रासमोर दोन मिनिटं थांबतो. कॉलेजातलं चित्र मात्र दोन तासिकांच्या मधे, येता-जाता, वर्षानुवर्षं दिसतं. मग कधीतरी लक्षात येतं की अरे, यात घर नाही, माणूस नाही, डोंगर केवढा हे कळायला काही मापच नाही!

हिशोबनीस: काव्य छान आहे. पण पटसंख्या घसरली तर येता-जाता बघणार कोण? मुलं राहतात ती खोली आधी, भिंतीवरचे डोंगर नंतर.

जुनी फाईल: खरी गंमत कोर्टात झाली. पर्सी स्लोन यांनी १९५३ मध्ये देणगी दिली, तिच्या निधीतून १९६२ मध्ये ही ओकीफ घेतली. देणगीची अट होती, चित्रं 'पुराणमतवादी' वळणाची हवीत. आता विद्यापीठच म्हणालं, ओकीफ आधुनिक, म्हणजे खरेदीच अटीबाहेरची! २०२४ मध्ये कोर्टाने ते मानलं. साठ वर्षं मिरवलं आणि विकायच्या वेळी बाई आधुनिक असल्याचा साक्षात्कार झाला.

हिशोबनीस: हसा खुशाल. कायद्यात बसलं ना?

रंगारी: कायद्यात बसलं, पण संग्रहालयांच्या रिवाजात नाही. चित्र विकलं तर पैसा संग्रहासाठीच वापरायचा, विटा-सिमेंटला नाही, हा तिथला सर्वमान्य दंडक आहे. ज्यांचं नाव संग्रहालयाला दिलंय ते रिचर्ड ब्राउअरच म्हणाले, विकणार असाल तर माझं नाव काढा.

मधली वाट: अमेरिकेतल्याच फिस्क विद्यापीठाचं उदाहरण घ्या. पैशांची तंगी तिथेही होती. २०१२ मध्ये त्यांनी स्टीग्लिट्झ (ओकीफचे पती, छायाचित्रकार) यांच्या संग्रहातला अर्धा हिस्सा क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयाला तीन कोटी डॉलरला दिला. आता चित्रं दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे.

रंगारी: तो संग्रह १९४९ मध्ये ओकीफनेच फिस्कला दिला होता, विकायचा नाही या अटीवर. तिचा शब्द तिथेही मोडलाच की.

हिशोबनीस: मोडला, पण चित्रं परत येतात. आणि खरं सांगू का, दोन वर्षं गायब होऊन परत आलेलं चित्र मुलं मुद्दाम बघायला जातील. रोज समोर असलेल्याकडे कोण बघतं?

रंगारी: मी बघायचो.