मदत हवी आहे: गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटली, दोन्ही गाड्या आत अडकल्या

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. काल पहाटे गॅरेजमधून बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज आला. सध्या इथे उणे १८ सेल्सियस आहे, त्यामुळे थंडीने पाण्याचा पाइप फुटला असं वाटलं. सकाळी बायको कामावर निघाली, ओपनरचं (दार उघडणाऱ्या मोटरचं) बटण दाबलं, तर दार वीतभर उचललं आणि तिथेच थांबून परत खाली बसलं.

टॉर्च मारून बघितलं तेव्हा उलगडा झाला. दाराच्या वर भिंतीला समांतर जो लोखंडी दांडा आहे, त्यावर दोन स्प्रिंगा आहेत. त्यातली डावीकडची मधोमध तुटली आहे, दोन तुकड्यांत तीन बोटं मावतील एवढी फट पडली आहे. उजवीकडची दिसायला ठीक आहे. दार दोन गाड्यांचं, १६ फूट रुंद, ७ फूट उंच, स्टीलचं, आतून फोम भरलेलं. घर २००४ सालचं, आणि स्प्रिंगा बहुतेक तेव्हाच्याच असाव्यात.

बायको नर्स आहे, बारा तासांची पाळी असते. आज मैत्रिणीने नेलं, पण रोज कुणाला सांगणार? दुरुस्तीसाठी दोन ठिकाणी फोन केले. एकाने दोन्ही स्प्रिंगा मजुरीसकट ३२० डॉलर सांगितले, पण तो सोमवारी येणार. दुसरा आज यायला तयार आहे, पण ७५० म्हणतो. रोलर, केबल, बेअरिंग सगळं बदलावंच लागेल असं त्याने दार न बघताच सांगितलं.

आता खरी अडचण. नाशिकहून आई-बाबा आले आहेत. बाबांचं सगळं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं. सकाळपासून ते स्टूल घेऊन त्या दांड्याखाली उभे आहेत. म्हणतात, "बसचे पाटे बदलले आम्ही, ही तर एवढीशी स्प्रिंग. तू सामान मागव, दुपारपर्यंत बसवून देतो." ऑनलाइन जोडी बरीच स्वस्त मिळते हेही खरं. त्यांचा हात अजून पक्का आहे, आणि त्यांनी हातात घेतलेलं काम बिघडलेलं मी पाहिलेलं नाही. पण शेजारचा म्हातारा अमेरिकन कळवळून सांगून गेला की याला हात लावू नका. "तुमचं वय झालं" असं मला बाबांना म्हणायचं नाही, आणि ते खरं कारणही नाही. कुणी स्वतः बसवली आहे का? धोका नेमका कशात आहे? आणि तोवर निदान एक गाडी बाहेर काढता येईल का?

जर्सीवाली:
आधी ओपनरचं बटण दाबणं बंद करा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. दाराचं वजन स्प्रिंग पेलते, मोटर फक्त तोललेलं दार ढकलते. स्प्रिंग तुटलेली असताना मोटरवर जोर दिला की आतला प्लॅस्टिकचा गिअर झिजतो, आणि मग ओपनरचाही खर्च येतो. सविस्तर कुणी जाणकार सांगेलच.

डेट्रॉइटकर:
दादा, मी मेकॅनिकलवाला आहे आणि माझ्या दाराची स्प्रिंग मी स्वतः बदलली आहे. तरीही तुम्हाला करू नका असंच सांगेन. का, ते काकांना पटेल अशा भाषेत सांगतो.

पाटा बदलताना काका काय करत असतील? चासीखाली जॅक लावायचा, बस उचलायची, पाट्यावरचा भार काढायचा आणि मगच यू-बोल्ट सोडायचे. म्हणजे पान्याला हात घालेपर्यंत पाटा मोकळा झालेला असतो. इथे उलटं आहे. दार बंद असतं तेव्हा ही स्प्रिंग सगळ्यात जास्त पिळलेली असते, सात फुटी दाराला साधारण साडेसात वेढे. तुटलेली स्प्रिंग आता निर्जीव आहे, तिच्यापासून काही धोका नाही. धोका आहे तो शाबूत दिसणाऱ्या उजवीकडच्या स्प्रिंगपासून. तिच्यात तो सगळा पीळ अजून भरलेला आहे, आणि बंद दाराखाली जॅक लावून तो निघत नाही. तिच्या टोकाला जो ॲल्युमिनियमचा शंकूसारखा तुकडा (इंग्रजीत कोन) असतो, त्याच्या भोकांत अर्ध्या इंची लोखंडी सळ्या घालून एकीने धरायचं, दुसरीने पाव वेढा सोडायचा, असं तीसेक वेळा करावं लागतं. कोनाचे दोन स्क्रू सळी न घालता ढिले केले, तर सगळा पीळ एका क्षणात सुटतो. सळीऐवजी स्क्रूड्रायव्हर वापरणाऱ्यांची बोटं, मनगटं आणि दात गेले आहेत. काकांचं कसब कमी नाही, पण हे काम त्यांनी कधी केलेलं नाही आणि पहिल्याच वेळी हात निसटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

मापाचंही तसंच. स्प्रिंग दाराच्या वजनाला जुळलेली असते: तारेची जाडी, आतला व्यास, लांबी आणि पीळ उजवा की डावा. तुटलेल्या स्प्रिंगची वीस वेटोळी एकमेकांना चिकटलेली असताना मोजा. साडेचार इंच भरली तर तार ०.२२५ इंचाची, पाच इंच भरली तर ०.२५० ची. कागदावर फरक नगण्य दिसतो, पण चुकीची बसली तर दार एक तर खाली आपटतं किंवा आपोआप वर जातं. हे मोजमाप काकांकडून जरूर करून घ्या, फक्त टेप उजव्या स्प्रिंगच्या जवळपास नको. मेकॅनिक कोणती स्प्रिंग आणतो ते ताडून बघायला उपयोगी पडेल.

बदलायच्या तर दोन्ही. साध्या स्प्रिंगचं आयुष्य १०,००० वेळा उघडझाप एवढं धरतात. दिवसातून चार वेळा दार उघडलं तर सात वर्षांच्या आत ते संपतं. तुमच्या एवढी वर्षं टिकल्या हेच विशेष. एक गेली की दुसरीचेही दिवस भरलेले असतात. थोडे जास्त पैसे देऊन २०,००० किंवा त्याहून जास्त वेळांच्या मागा. घरात जाण्यायेण्याचा मुख्य रस्ता गॅरेजच असेल तर ते पैसे वसूल होतात.

गाडी काढायची असेल तर: दार पूर्ण बंद असतानाच ओपनरची लाल दोरी ओढा, म्हणजे दार मोटरपासून सुटं होतं. दार वर असताना ती कधीही ओढायची नाही, अख्खं दार खाली कोसळेल. मग तीन धडधाकट माणसं लागतील, कारण अशा दाराचं वजन दीडशे पौंडांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं आणि आता त्यातलं निम्मं तुमच्या हातावर येणार. आधी दार उचलणाऱ्या दोन्ही केबल आपापल्या ड्रमवर (दांड्याच्या टोकांच्या चाकांवर) नीट आहेत का ते बघा. एखादी उतरली असेल तर दार अडकून तिरकं होतं, मग उचलूच नका. उचलताना तळाची पट्टी धरा, दोन पॅनेलच्या सांध्यात बोटं घालू नका. वर गेल्यावर दोन्ही रुळांवर सर्वात खालच्या रोलरखाली पकडीचा पाना घट्ट आवळा आणि एक जण दार धरूनच उभा राहू दे. गाड्या काढल्या की दार हळू खाली आणा, आणि सोमवारपर्यंत गाड्या बाहेरच ठेवा.

इचलकरंजीकर:
आमच्याकडे दुकानांच्या रोलिंग शटरचंच काम आहे. त्यातही आतल्या पाइपवर स्प्रिंगच असते, तत्त्व तेच. आमच्याकडचे मुरलेले फिटरसुद्धा स्प्रिंगला पीळ देताना तोंड बाजूला ठेवतात आणि पोराटोरांना लांब उभं करतात. काकांना म्हणावं, नाशिकच्या शटरवाल्याला एक फोन करून विचारा. तो जे सांगेल ते तुमच्या माझ्यापेक्षा लवकर पटेल.

जर्सीवाली:
त्या ७५० वाल्याबद्दल. दार न बघता सगळं बदला म्हणणाऱ्याला बोलावू नका. "आयुष्यभराची हमी" म्हणून चढा भाव लावणारेही असतात, आणि त्या हमीत पुढच्या वेळची मजुरी बहुतेक धरलेली नसते. सोमवारवाल्याकडून एकूण आकडा लेखी मागा, त्यात दोन्ही स्प्रिंगा आणि त्या किती वेळांच्या हे लिहून घ्या. वीस वर्षांची केबल तळाशी उसवली असेल तर ती बदलणं मात्र रास्त आहे, तिथे पैसे वाचवू नका.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. जॅकचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे भार निघतच नाही. मग बरोबर आहे त्याचं." शटरवाल्याला फोन करायची वेळच आली नाही. वेटोळी त्यांनी स्वतः मोजली, वीस वेटोळी साडेचार इंच. डावीकडच्या केबलची दोन-तीन तारं खालच्या टोकाला तुटलेली आहेत, तेही त्यांनीच शोधलं. ड्रमवर दोन्ही केबल जागेवर आहेत, म्हणून शेजारच्या बापलेकांना बोलावून गाड्या बाहेर काढल्या. सोमवारवाल्याने दोन्ही स्प्रिंगा आणि केबल मिळून ३८० लेखी दिले आहेत, २०,००० वेळांच्या स्प्रिंगा धरून. बाबांचा एक प्रश्न आहे: दांड्याची बेअरिंग चांगली आहेत की नाहीत हे हाताने तपासायचं असेल तर नेमकं केव्हा?

डेट्रॉइटकर:
काकांनी नेमकं विचारलं. जुन्या दोन्ही स्प्रिंगा उतरल्या आणि नव्या चढायच्या आहेत, त्या मधल्या वेळात दांडा मोकळा असतो. मेकॅनिकला सांगून तेव्हा तो हाताने फिरवून बघा. खरखर लागली किंवा मधलं बेअरिंग डगमगलं तर तेवढंच बदलून घ्या. सगळं बसल्यावर ओपनर जोडायच्या आधी दार हाताने कमरेइतकं उचलून सोडायला सांगा. तिथल्या तिथे थांबलं पाहिजे. खाली सरकलं किंवा वर गेलं तर पाव-अर्धा वेढा कमीजास्त करून घ्या, आणि मगच पैसे द्या.