मदत हवी आहे: माउस धरवत नाही, आरपीजी अर्धवट पडलीय, काय वापरू?

कळपवाला
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. एकटाच एक आरपीजी, म्हणजे गोष्टीतलं पात्र होऊन खेळायचा कॉम्प्युटर गेम, बनवतोय, तीन वर्षं झाली. आता माउस पाच मिनिटंसुद्धा हलवता येत नाही आणि टायपिंग तर त्याहून वाईट. दिवाळीच्या आत डेमो द्यायचाच आहे. माउस-कीबोर्डऐवजी काय वापरू? यूट्यूब पालथं घालून झालंय, त्यामुळे प्लीज ‘शोधा म्हणजे सापडेल’ असं सांगू नका.

घाटमाथा
हाताला काय झालंय? एक हात की दोन्ही? इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, कुठलं, विंडोज का लिनक्स? काहीच कळत नाहीये.

पिक्सेल_पुणे
इंजिन कुठलंही असो, गोडो ४ वर या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि मुख्य म्हणजे देवनागरी नीट दिसते. गोडो ३ मध्ये जोडाक्षरांची वाट लागायची, ४ मध्ये तो प्रश्न सुटला. अक्षरं एकेक करून उमटवायची असतील तर लेबलच्या सेटिंगमध्ये ‘कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग’ निवडा, नाहीतर मात्रा उड्या मारतात.

कळपवाला
आरपीजी मेकर एमव्ही, विंडोज १०. इंजिन बदलायचं नाहीये, ४३ नकाशे झालेत. मला माउसला पर्याय पाहिजे.

पिक्सेल_पुणे
पण एमव्ही एकेक अक्षर सुटं काढतं, ‘कि’ची वेलांटी एकीकडे नि क दुसरीकडे. मराठी गेम त्यात करायचाच कशाला?

कळपवाला
ते माहितीय. मित्राने प्लगइन लिहून दिलंय, अख्खी ओळ एकदम काढतं. तो प्रश्न मिटलाय हो.

आबासाहेब_क
बाळा, हाताने धरवत नाही म्हणजे वात असणार. आमच्या सौ.ना असाच त्रास होता, रोज सकाळी कोमट तिळाच्या तेलाने खांद्यापासून बोटांपर्यंत मालिश केली, तीन महिन्यांत पोळ्या लाटायला लागल्या. कॉम्प्युटर थोडे दिवस बंद ठेव, तब्येत पहिली.

वाफाळता_चहा
मी स्वतः यातून गेलेय म्हणून लिहिते. दोन्ही मनगटं गेली होती, दीड वर्ष कोड फक्त बोलून लिहिला. टॅलन नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, इंटरनेट लागत नाही. प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक छोटा शब्द असतो, ए म्हणजे एअर, बी म्हणजे बॅट, सी म्हणजे कॅप, आणि ओठांनी ‘पॉप’ असा आवाज केला की क्लिक. पहिले पंधरा दिवस डोकं फिरतं, मग जिभेवर बसतं. मराठी डिक्टेशनला गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग घ्या, ते मराठी ऐकतं.

घाटमाथा
ताई, आधी त्यांना बोलणं झेपतं का ते तरी विचारा. @कळपवाला, हाताचं अजून सांगितलं नाहीत.

कळपवाला
सॉरी, मला वाटलं ते लिहायची गरज नाही. मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, लिम्ब-गर्डल (खांदे-कमरेच्या स्नायूंचा) प्रकार, चौदाव्या वर्षापासून. व्हीलचेअरवर असतो. काका, तुमची माया कळते पण हा वात नाही, स्नायूच विरत जातात, मालिशने परत येत नाहीत. चहाताई, टॅलन बघितलंय, पण रात्री बायपॅप (श्वासाला मदत करणारं मशीन) लावावं लागतं, सलग वीस मिनिटं बोललो की धाप लागते. इंजिन बदला म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, माझ्याकडे तीन वर्षं आणखी याच हातांची असतील असं मी धरून चालत नाही. म्हणून घाई आहे.

आबासाहेब_क
माफ कर रे पोरा. मला ठाऊक नव्हतं.

सातपुडा
अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलंय ना? २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. नसेल तर आधी ते करा, माझ्या भावाला तीन वेळा परत पाठवलं होतं, दर वेळी नवा कागद.

कळपवाला
कार्ड आहे दादा. माउस.

घाटमाथा
एक नेमकं विचारतो. माझ्या मावसभावाला हाच प्रकार आहे. त्याचे खांदे-दंड गेलेत पण बोटं चालतात. तुमचं तसंच आहे का? आणि हे एवढं लांब उत्तर कशावर टाइप केलंत?

कळपवाला
मोबाईलवर. मांडीवर उशी, उशीवर मोबाईल, दोन्ही अंगठे. बोटं चालतात हो, हात टेबलावर पुढे नेता येत नाही. आई नेऊन ठेवते, पण घसरला की परत तिलाच हाक मारावी लागते, रात्री दोनला किती वेळा उठवू तिला.

घाटमाथा
अहो मग हेच पहिल्यांदा सांगायचं! तुम्हाला बोलण्याचं सॉफ्टवेअर नको, ट्रॅकबॉल पाहिजे. माउस जागचा हलत नाही, वरचा गोळा फक्त बोटांनी फिरवायचा, तोही त्याच उशीवर राहील. आणि विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये क्लिकलॉक चालू करा. बटण क्षणभर दाबलं की ते दाबलेलंच राहतं, मग नकाशाच्या टाइल्स रंगवताना धरून ओढावं लागत नाही, परत क्लिक केलं की सुटतं. माझा भाऊ यावर दिवसभर एक्सेल करतो.

वाफाळता_चहा
हे बरोबर आहे, मी माझंच रेटत होते. स्टिकी कीजही चालू करा, शिफ्ट पाचदा दाबलं की विचारतं. कंट्रोल आणि एस एकदम धरावं लागत नाही, एकामागून एक दाबा. पण ‘पॉप’ला श्वास फार लागत नाही, तेवढं एकदा करून बघा.

पिक्सेल_पुणे
मान्य, इंजिन बदलू नका. पण संवाद किती बाकी आहेत? एमव्हीत संवादाच्या प्रत्येक पेटीला डबल क्लिक, शो टेक्स्ट, चार ओळी, ओके. त्यातच हात संपत असणार.

कळपवाला
अगदी तेच. साधारण ६०० पेट्या बाकी आहेत. गेम धनगरांच्या वाड्याचा, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या तळाचा आहे, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आत परत घाटावर. लढाई लांडग्यांशी, पण खरा खेळ गावोगावच्या शेतकऱ्यांशी बोलण्याचा आहे, तुमच्या शेतात रात्रभर मेंढरं बसवतो, बदल्यात किती धान्य देणार. त्यामुळे संवाद कापता येत नाहीत.

पिक्सेल_पुणे
वा, हे भारी आहे. मग ऐका. शो टेक्स्टच्या खिडकीत ‘बॅच एंट्री’ बटण आहे, त्यात लांबलचक मजकूर एकदम पेस्ट केला की पेट्या आपोआप पडतात. त्याहून चांगलं म्हणजे एमव्हीचे नकाशे साध्या जेसॉन (मजकुराच्या) फायली असतात, संवादाची पेटी म्हणजे कोड १०१ आणि खालची प्रत्येक ओळ ४०१. तुम्ही मोबाईलवर अंगठ्यांनी गूगल शीटमध्ये लिहा, एका रकान्यात इव्हेंट (नकाशावरचं पात्र किंवा प्रसंग), दुसऱ्यात ओळ. शीटमधून फायलीत भरणारी स्क्रिप्ट मी लिहून देतो, शनिवारी. फक्त एडिटर बंद करून चालवा, नाहीतर सेव्ह करताना जुनंच वर बसेल. आणि आधी फोल्डरची कॉपी.

श्रवणवेध
मी पूर्ण अंध आहे, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. मला धनगरांचा हा खेळ खेळायचाय. निदान संवाद तरी स्क्रीन रीडरला वाचता येतील असं बघा ना. चित्रातलं अक्षर आम्हाला काहीच सांगत नाही.

सातपुडा
स्टीमवर (गेम विकायची साइट) टाकायला १०० डॉलर भरावे लागतात, ते १००० डॉलरची विक्री झाली की परत मिळतात. मराठी गेमची तेवढी होईल का ते बघा, नाहीतर इच डॉट आयओ ही दुसरी साइट बरी.

कळपवाला
श्रवणवेध, तुमचं डायरीत लिहून ठेवलंय, डेमोनंतर पहिलं काम ते. विक्रीचं नंतर बघू दादा.

कळपवाला (आठ दिवसांनी)
गावातल्या एकांकडून जुना ट्रॅकबॉल उसना मिळाला. काल क्लिकलॉक लावून खंडाळ्याच्या खालचं अख्खं कुरण रंगवलं, दोन तास, आईला एकदाही हाक मारली नाही. पिक्सेलदादांची स्क्रिप्ट चालली, ७० पेट्या एका दमात आत गेल्या. पण आता मराठी ओळी पेटीच्या उजवीकडून बाहेर जातायत. एका ओळीत किती अक्षरं ठेवू?

घाटमाथा
फॉण्ट साइज मूळचीच २८ आहे का बदललीत? आणि चेहऱ्याचं चित्र लावलंय का पेटीत? त्याने डावीकडची जागा जाते.