रेपो दर उतरला की कॉल स्वस्त का होतो?
म्हापशाच्या भाऊंचा प्रश्न रास्त आहे. कॉल म्हणजे ठरलेल्या किमतीला (स्ट्राइक) खरेदी करण्याचा हक्क. तो घेणाऱ्याची स्ट्राइकची रक्कम एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे मुदत संपेपर्यंत, खर्च होत नाही. ती मडगावच्या बँकेत ठेवीवर व्याज कमावते. रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) उतरला की व्याज घटतं आणि त्या सोयीची किंमत कमी होते. पुटचं, म्हणजे विकण्याच्या हक्काचं, उलट.

निफ्टी 25000, स्ट्राइकही तीच, मुदत 30 दिवस धरा. 0.25% कपातीने कॉल साधारण 2.70 रुपयांनी उतरेल, पुट 2.40 ने चढेल. वर्षभराच्या कॉलला मात्र हाच फरक 38 रुपयांच्या घरात जातो. अर्थात निर्देशांक जागचा हलला नाही तर! 6 जून 2025 ला रेपो 0.50% कमी झाला आणि निफ्टी सुमारे 250 अंक चढला. त्या डेल्टापुढे (निर्देशांक हलल्याचा परिणाम) ऱ्हो (व्याजदर हलल्याचा परिणाम) म्हणजे मांडवीत तांब्याभर पाणी.

चूक होते ती कॅल्क्युलेटरमध्ये. व्याजदर 10% तसाच ठेवला की एकाच स्ट्राइकला कॉलचा आयव्ही (किमतीतून निघणारा अपेक्षित चढ-उतार) कमी, पुटचा जास्त दिसतो आणि लोक पुट ‘महाग’ म्हणून विकून बसतात. दोन्ही आयव्ही जुळेपर्यंत दर बदलत जा. तो रेपोइतका येईलच असं नाही, त्यातून लाभांश वजा झालेला असतो.