८ जीबीच्या लॅपटॉपवर गेमिंग : रॅम वाढवू का? मदत हवी आहे

मंडळी, धाकट्या भावाकडे साधा लॅपटॉप आहे. प्रोसेसर रायझन ५ ५५००यू, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी. कॉलेजच्या कामाला झकास, पण पठ्ठ्या रात्री व्हॅलोरंट गेम लावतो आणि ऐन गोळीबारात चित्र अडकतं. सेटिंग्ज लो करून झाली. मागे क्रोम उघडं असेल तर विचारूच नका.

टास्क मॅनेजर वापरायला ५.९ जीबीच दाखवतो, उरलेली ग्राफिक्सने आधीच अडवलेली. काल मागचं झाकण उघडलं (एक स्क्रू सोफ्याखाली गेलाय, अजून सापडला नाही). ८ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली, शेजारी एक स्लॉट रिकामा.

दुकानदार म्हणतो, "रॅमने गेमला फरक पडत नाही, नवीनच घ्या." मला पटत नाही. इथे ग्राफिक्स रॅमवरच चालतं, मग ड्युअल चॅनेल (दोन रॅम एकाच वेळी जोडीने चालणं) झाल्यावर फरक पडायलाच हवा ना?

डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग) ची ८ जीबीची पट्टी टाकू की थेट १६ ची? ८ अधिक १६ केलं तर जोडी न मिळालेल्या जास्तीच्या ८ जीबीला ड्युअल चॅनेल मिळत नाही, त्याने गेममध्ये झटके येतात का? कुणी असं केलं असेल तर आधीचे-नंतरचे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) सांगा.