मदत हवी आहे: उत्प्रेरक समतोल बदलत नाही, मग त्याचा उपयोग काय?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीत राहते. मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. उत्प्रेरकाची, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पण स्वतः न संपणाऱ्या पदार्थाची, व्याख्या तिला पाठ आहे, पण अर्थ हवाय. परवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कच्च्या बटाट्याचा तुकडा टाकला, तर भराभर फेस आला. बटाट्यातलं कॅटलेज हे एन्झाइम, म्हणजे सजीवांतला उत्प्रेरक, पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, इतकं मला सांगता आलं. किती खूश झाली होती!

मग तिने विचारलं, "आई, उत्प्रेरक नुसता शेजारी असतो, की खरंच काही करतो?" माझ्या मते तो मधल्या टप्प्यात भाग घेतो, कमी सक्रियण ऊर्जेची (क्रिया घडायला लागणाऱ्या किमान ऊर्जेची) वेगळी वाट देतो आणि शेवटी पुन्हा मोकळा होतो. बरोबर ना?

खरी अडचण पुढची. उत्प्रेरक क्रियेच्या दोन्ही दिशांचा (पुढच्या आणि उलट्या) वेग वाढवतो, पण समतोल, म्हणजे दोन्ही वेग सारखे होऊन पदार्थांचं प्रमाण स्थिर राहतं ती स्थिती, हलवत नाही. मग हेबर पद्धतीत, म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवताना, लोखंड उत्प्रेरक म्हणून वापरून नेमका फायदा काय? आणि कमी तापमानाला अमोनियाचं प्रमाण वाढत असेल, तर ४०० अंश सेल्सिअसच्या वर का जायचं?

कोणी केमिस्ट्री शिकवत असेल, किंवा रबाळे-महापेकडे केमिकल कंपनीत असेल, तर सोप्या मराठीत समजावाल का? सोमवारी तिची चाचणी आहे.