मदत हवी आहे : लिव्हर ट्रान्सप्लांटनंतरची एन्टेकाव्हिर गोळी

राम राम मंडळी. आम्ही दारव्ह्याकडचे. बाबांना आईनं लिव्हर दिलं. एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी अंगात सध्या आहे का, ते सांगणारी रक्ततपासणी) दोघांचीही निगेटिव्ह, पण आईची अँटी-एचबीसी ही दुसरी रक्ततपासणी पॉझिटिव्ह निघाली, म्हणजे कधीकाळी तिला हिपॅटायटिस बी होऊन गेला होता. तो विषाणू लिव्हरच्या पेशींत दडून राहतो अन् प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू असल्या की बाबांच्या अंगात नव्यानं उठू शकतो. म्हणून एन्टेकाव्हिर रोज, खंड न पाडता. (शेजारचे म्हणतात, कावीळ झाडणाऱ्याकडे न्या. काय सांगावं त्यांना!)

२०१८ पासूनच्या सरकारी हिपॅटायटिस कार्यक्रमात ही गोळी मोफत आहे. पण बाबांना आजार नाही, गोळी फक्त प्रतिबंधासाठी आहे. अशा पेशंटला यवतमाळ किंवा अमरावतीत कोणाला मिळाली का? कागद कोणते लागले? एचबीव्ही डीएनए तपासणी (रक्तात हा विषाणू आहे का अन् किती, ते बघणारी) कुठं करता?